साप्पोरो आणि होक्काइदो: निघण्याआधी मला हमखास विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची साताऱ्याची. शिक्षणाच्या निमित्ताने साप्पोरोत चार हिवाळे काढले. परत आल्यापासून नातेवाईक, त्यांचे शेजारी आणि त्या शेजाऱ्यांचे मित्र असे सगळे फोनवर तेच तेच विचारतात, म्हणून एकदाची उत्तरं लिहून ठेवते आहे.

साप्पोरो म्हणजे मनालीसारखं थंड हवेचं ठिकाण का?

अजिबात नाही. वीस लाखांच्या जवळपास वस्तीचं भलंमोठं शहर आहे. मेट्रो आहे, ट्राम आहे, ऑफिसं आहेत, सकाळी शाळेला जाणारी पोरं आहेत. फक्त दर हिवाळ्यात या सगळ्यावर सरासरी पावणेपाच-पाच मीटर बर्फ पडतो. एवढ्या मोठ्या शहरावर इतका बर्फ जगात फार थोड्या ठिकाणी पडतो. होक्काइदो हे जपानचं उत्तरेकडचं बेट आणि साप्पोरो ही त्याची राजधानी. बर्फात खेळायला जाल तर दोन दिवसांत मन भरेल. बर्फात हे शहर चालतं कसं ते बघायला जाल तर आठवडा पुरणार नाही.

थंडी किती असते? उणे तीसबिस?

साप्पोरोत जानेवारीचं सरासरी तापमान उणे तीनच्या आसपास असतं. रात्री उणे सात-आठ, एखाद्या रात्री उणे दहाच्या खाली. उणे तीस वगैरे बेटाच्या आतल्या भागातल्या गोष्टी. आसाहिकावा शहरात २५ जानेवारी १९०२ ला उणे ४१ नोंदवलं गेलं, तो आजही जपानचा विक्रम आहे. साप्पोरोच्या थंडीला घाबरू नका. घाबरायचं कशाला ते पुढे सांगते.

पण मग एवढा बर्फ का पडतो?

आपल्या मान्सूनचंच गणित, फक्त थंड. सायबेरियातून येणारा कोरडा, गार वारा जपानच्या समुद्रावरून जाताना पाण्याची वाफ उचलतो आणि बेटाच्या पश्चिमेकडच्या डोंगरांना अडून सगळा माल तिथेच उतरवतो. पाऊस कोकणात आणि सांगली-सोलापूर कोरडं, तसं होक्काइदोतही आहे. साप्पोरो, ओतारू, निसेको बर्फाने बुडलेले, तर पूर्वेकडच्या कुशिरो-ओबिहिरोला निळंशार आकाश, बर्फ कमी आणि थंडी मात्र जास्त.

हा बर्फ कोरडा, पिठीसाखरेसारखा असतो. मुठीत दाबला तर गोळा नीट होत नाही. म्हणून स्थानिक लोक छत्री फारशी वापरत नाहीत. दाराशी आले की दोन्ही हातांनी अंग झटकतात आणि आत शिरतात.

जायचं कधी?

बर्फ बघायचा तर जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. डिसेंबरच्या सुरुवातीला जाऊ नका. तेव्हा बर्फ पडतो, वितळतो, पुन्हा गोठतो, आणि दुपारी चारला अंधार पडतो. मार्च-एप्रिलमध्ये शहर अगदीच कळकट दिसतं, कारण वितळणाऱ्या बर्फातून चार महिन्यांची माती वर येते.

उन्हाळा हा मात्र लोक विसरतात तो पर्याय. जून-जुलैमध्ये बाकीचं जपान पावसाळ्यात चिंब असतं, तर होक्काइदोला तसा पावसाळाच नाही. चेरीचा बहर एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला, म्हणजे टोकियोच्या जवळजवळ महिनाभर नंतर. आपल्या मे महिन्याच्या सुट्टीला हे बरोबर जुळतं.

स्नो फेस्टिव्हल खरंच बघण्यासारखा आहे का?

आहे, एकदा. फेब्रुवारीच्या सुरुवातीला आठवडाभर असतो. १९५० साली शाळकरी मुलांनी ओदोरी बागेत सहा बर्फाचे पुतळे केले, तिथून सुरुवात झाली. तेव्हा त्या जागी शहरातला बर्फ आणून टाकत. १९५५ पासून सैन्यदलाचे जवान मदतीला आले आणि पुतळ्यांच्या इमारती झाल्या. आता तीन-चार मजली देखावे असतात आणि बघायला वीस लाखांहून जास्त लोक येतात. सुसुकिनो भागात बर्फाच्या काचेसारख्या लाद्यांतून कोरलेली शिल्पं असतात, ती रात्री बघा. लहान मुलं बरोबर असतील तर त्सुदोमे हे तिसरं ठिकाण. तिथे घसरगुंड्या आहेत.

त्या आठवड्यात हॉटेलांचे दर दुप्पट-तिप्पट होतात आणि खोल्या महिनोन्‌महिने आधी संपतात. माझं विचाराल तर उत्सवाच्या चार-पाच दिवस आधी जा. पुतळे घडवणं चालू असतं. पाड बांधलेले असतात, माणसं फावड्या-पटाशीने तासत असतात. मला ते तयार पुतळ्यांपेक्षा जास्त आवडायचं.

पोचायचं कसं?

भारतातून थेट विमान नाही. टोकियोला उतरून पुढे शिन-चितोसे विमानतळापर्यंत दीड तासाचं उड्डाण, किंवा बँकॉक, हाँगकाँगमार्गे. टोकियोला नारिता आणि हानेदा असे दोन विमानतळ आहेत. एकावर उतरून दुसऱ्यावरून उडायचं असेल तर मध्ये चार-पाच तास तरी ठेवा. शिन-चितोसेहून साप्पोरो स्टेशन जलद गाडीने चाळीस मिनिटांच्या आत.

शिनकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, अजून साप्पोरोपर्यंत गेलेली नाही. २०१६ पासून ती हाकोदातेजवळ थांबते आणि तिथून साध्या एक्स्प्रेसने साडेतीन तास लागतात. होक्काइदोला येताना शिनकानसेन समुद्राखालून जाणाऱ्या, ५३.८५ किलोमीटर लांबीच्या सेइकान बोगद्यातून जाते. रेल्वेवेड्यांनी एकदा तरी तसं जावं, बाकीच्यांनी विमान घ्यावं.

भारतीय पासपोर्टला व्हिसा आधी काढावा लागतो. परतीच्या दिवशी टोकियोहून भारताचं विमान त्याच दिवशीचं घेऊ नका. हिमवादळात साप्पोरोची विमानं रद्द होतात, आणि तेव्हा विमानतळावर रात्र काढणाऱ्यांच्या रांगेत तुम्ही असाल. मी दोनदा होते.

बर्फावर चालताना पडायला होतं का?

होतं. घाबरायचं ते यालाच.

ताजा, भुसभुशीत बर्फ निरुपद्रवी असतो. हजारो पावलांनी दाबून, दुपारी किंचित वितळून रात्री गोठलेला बर्फ ही वेगळीच चीज आहे. जपानीत त्याला शब्द आहे ‘त्सुरु-त्सुरु’, आपल्या ‘गुळगुळीत’चा भाऊ. सगळ्यात वाईट जागा म्हणजे सिग्नलचा झेब्रा. पांढऱ्या पट्ट्यांवरचा बर्फ गाड्यांच्या चाकांनी आरशासारखा चकाकतो.

पहिल्याच आठवड्यात दोन किलो बटाटे घेऊन मी अशाच पट्ट्यावर आडवी झाले. बटाटे चारी दिशांना. एक आजीबाई आल्या, ‘त्सुरु-त्सुरु दा ने’ म्हणाल्या आणि बटाटे गोळा करायच्या आधी कोपऱ्यावरच्या पेटीतून एक पिशवी काढून माझ्या पायाभोवती बारीक खडी शिंपडली, रांगोळी घालावी तशी. मग मला उठवलं. त्या पेट्या शहरभर चौकाचौकांत असतात. पिशवी कुणीही घ्यावी, फोडावी, पुढे टाकत चालावं. तुम्हीही घ्या, ती त्यासाठीच ठेवलेली असते.

चालायची रीत अशी: पावलं छोटी, तळवा सपाट टेकवायचा, वजन किंचित पुढे, हात खिशाबाहेर. पेंग्विनसारखं दिसतं, दिसू दे. बुटांना खालून अडकवायचे रबरी काटे दुकानांत मिळतात, पण दुकानाच्या फरशीवर तेच काटे घसरतात, म्हणून आत शिरताना काढा. आणि छपरांच्या कडेखालून चालू नका. वरून बर्फाचा ढीग किंवा सुळका सुटतो.

वैताग आला तर जमिनीखाली जा. साप्पोरो स्टेशनपासून ओदोरीपर्यंत आणि पुढे सुसुकिनोपर्यंत भुयारी रस्ता आणि बाजार आहे. स्टेशन ते ओदोरी हा तुकडा २०११ साली झाला. वर वादळ असतं आणि खाली लोक कोट हातात घेऊन कॉफी पीत चाललेले असतात.

कपडे किती न्यायचे?

लोक दोन-तीन जाड स्वेटर कोंबून नेतात. तीच चूक. बाहेर उणे पाच आणि आत पंचवीस असतं. मेट्रोत, दुकानात घाम फुटतो. अंगालगत पातळ गरम थर, वर शर्ट, त्यावर वारा न लागणारा चांगला कोट, एवढं बास. टोपी कान झाकणारी हवी. हातमोजे दोन जोड.

पैसे बुटांवर खर्च करा. पाण्याला दाद न देणारे, घोट्याच्या वर येणारे आणि चटकन काढता येतील असे. जपानमध्ये दिवसातून दहा वेळा बूट काढावे लागतात आणि नाड्या सोडण्यात जीव जातो. मोजे न फाटलेले, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगते.

ओठ आणि टाचा फुटतात, कारण घरातली हवा हीटरने वाळलेली असते. मी आईने दिलेला आमसुलाच्या तेलाचा गोळा नेला होता. तिथल्या महागड्या मलमांपेक्षा त्यानेच काम केलं.

आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी मरू का?

मरणार नाही, पण डोळे उघडे ठेवावे लागतील. अडचण मांसाची नसून ‘दाशि’ची आहे. म्हणजे वाळवलेल्या माशाचं पाणी. सूप, रस्सा, भाज्या, सॉस, सगळ्याच्या मुळाशी ते असतं. ‘भाजीचं आहे’ असं वेटर प्रामाणिकपणे सांगतो, कारण त्याच्या दृष्टीने दाशि हे आपल्या फोडणीसारखं, ते काय सांगायचं? म्हणून ‘निकु मो, साकाना मो, दाशि मो ताबेरारेमासेन’ (मांस, मासे, दाशि काहीच चालत नाही) हे जपानीत लिहून घेऊन फोनमध्ये ठेवा आणि दाखवा.

आता आनंदाची बातमी. होक्काइदो हा जपानचा दूधदुभत्याचा आणि बटाट्याचा मुलूख. देशातलं निम्म्याहून जास्त दूध इथलं. ‘जागाबाता’ म्हणजे वाफवलेला बटाटा, वर लोण्याची वडी. उणे सहामध्ये बागेत उभं राहून तो खाल्ला की बटाट्याबद्दल आदर वाढतो. उन्हाळ्यात त्याच ओदोरी बागेत गाडीवर भाजलेली मक्याची कणसं मिळतात. आइस्क्रीम तर लोक भर हिवाळ्यात, तापलेल्या घरात बसून खातात.

आणि सूप करी! साप्पोरोची स्वतःची चीज. पातळ, मसालेदार रस्सा, त्यात सालासकट बटाटा, गाजर, भोपळा, कमळकाकडी, भेंडी, आणि भात वेगळ्या ताटलीत. चमच्यात भात घ्यायचा आणि रश्शात बुडवायचा. तिखटाचे आकडे असतात, ते तुम्ही सांगायचे. १९७० च्या दशकात ही ज्या छोट्या दुकानातून सुरू झाली असं मानतात, त्याचं नाव ‘अजंता’. हे कळलं तेव्हा परदेशात गाववाला भेटल्यासारखं झालं. भाज्यांची सूप करी सगळीकडे मिळते, पण रस्सा बहुधा कोंबडीचा असतो. काही दुकानं विचारल्यावर टोमॅटो किंवा नारळाचा वेगळा रस्सा देतात, म्हणून आधी विचारा.

चार दिवसांहून जास्त राहणार असाल तर स्वयंपाकाची सोय असलेली खोली घ्या. तिथला तांदूळ शिजला की मऊ, किंचित चिकट होतो. मेतकूट आणि होक्काइदोचं लोणी घालून कालवा, वर पापड. भाजलेले, तळलेले, वाळवलेले पदार्थ बरोबर न्या. ताजी फळं, कढीपत्ता, कच्चं धान्य नेऊ नका. मांसाचं काहीही नेता येत नाही.

आणि मांसाहारी असू तर?

तर मजा आहे. मिसो रामेन, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या रश्शातल्या शेवया, इथलाच. जिंगिसुकान म्हणजे घुमटासारख्या लोखंडी तव्यावर भाजलेलं मेंढीचं मांस, कडेने कांदा-कोबी. कोटाला दोन दिवस वास राहतो, जुना कोट घालून जा. मासे खाणारे असाल तर निजो बाजारात सकाळी भातावर खेकडा, सॅमनची अंडी वगैरे. भाव बघून बसा.

शहरात काय बघायचं?

घड्याळाचा मनोरा सगळे सांगतील. १८७८ ची लाकडी इमारत आहे, पण उंच इमारतींमध्ये दबून गेलेली. जपानी लोकच तिला ‘निराशा करणारं प्रेक्षणीय स्थळ’ म्हणून चिडवतात. दहा मिनिटं पुरेत. मोइवा डोंगर (५३१ मीटर) रात्री चढा, म्हणजे रोपवेने. ओकुरायामाची स्की उडी घ्यायची घसरण लिफ्टने वर जाऊन बघा. १९७२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये इथून माणसं उडाली, आणि वरून खाली बघितलं की ती का उडाली हा प्रश्न पडतो. होक्काइदो विद्यापीठाचा परिसर फुकट आणि सुंदर. १८७६ च्या शेतकी महाविद्यालयातून ते वाढलं. त्याच वर्षी इथला बिअरचा कारखानाही सुरू झाला, त्याचं आता संग्रहालय आहे.

मला मात्र पहाटेची ट्राम आवडते. ‘सासारा’ म्हणजे बांबूच्या काड्यांचा कुंचा, आपल्या खराट्याच्या घराण्यातला. असे शेकडो कुंचे बसवलेली एक जुनी ट्राम रुळांवरचा बर्फ गरागरा झाडत जाते. बर्फ पडलेल्या रात्रीनंतर अंधारात उठून बघा. सिग्नलही नीट बघा. दिवे आडवे नसतात, उभे असतात, म्हणजे वर बर्फ साचत नाही.

पत्ता शोधणं सोपं आहे. शहर चौकटीत आखलेलं, ‘उत्तर ३, पश्चिम ४’ असे पत्ते. ओदोरी बाग ही उत्तर आणि दक्षिण वेगळी करणारी रेघ.

सहा दिवसांत अख्खं बेट होईल ना?

नाही होणार. नकाशात ते लहान दिसतं आणि लोक फसतात. होक्काइदो ८३ हजार चौरस किलोमीटर आहे, म्हणजे अडीच कोकणं मावतील. साप्पोरोहून आबाशिरीला एक्स्प्रेसने पाच तासांहून जास्त लागतात, कुशिरोला चार, हाकोदातेला पावणेचार. सहा दिवसांत ‘साप्पोरो-हाकोदाते-फुरानो-आबाशिरी’ असं पत्रक कुणी हातात दिलं तर ते परत द्या. सगळी सहल खिडकीतून पांढरं बघण्यात जाईल.

साप्पोरोत मुक्काम ठेवा आणि एकच दिशा निवडा.

ओतारू सगळ्यात जवळ. गाडीने अर्धा-पाऊण तास, आणि शेवटचा टप्पा समुद्राला इतका लगटून की लाटा डब्यावर येतील असं वाटतं. जाताना उजवीकडे बसा. १९२३ चा कालवा, दगडी गोदामं, काचकाम. अर्धा दिवस पुरतो, संध्याकाळी दिवे लागल्यावर निघा.

नोबोरिबेत्सु म्हणजे गरम पाण्याचे झरे आणि ‘जिगोकुदानि’, नरकाची दरी. पिवळट खडक, वाफा, गंधकाचा वास. सव्वा तास गाडी, मग बस. रात्री मुक्काम करा.

आबाशिरी माझं लाडकं. जानेवारीअखेर ते मार्चमध्ये ओखोत्स्क समुद्रातून वाहत आलेला बर्फ किनाऱ्याला लागतो आणि समुद्र पांढऱ्या ढेपांच्या शेतासारखा दिसतो. बर्फ फोडणारी बोट त्यातून नेते. तळातून येणारा करकर आवाज पोटात जाणवतो. मात्र बर्फ यायचा तर येतो, कधी वाऱ्याने दूर राहतो. दोन रात्री ठेवा.

फुरानोची लॅव्हेंडरची शेतं फक्त जुलैत. हिवाळ्यात तिथे जांभळं काही नसतं, तरी लोक विचारतातच. कासला फुलं आपली आपण येतात, इथे ओळीने लावलेली असतात. त्यामुळे फोटोत फुरानो जास्त भरतं. मन माझं कासलाच.

बर्फात गरम पाण्यात बसलेली माकडं कुठे दिसतील?

होक्काइदोत मोकळी तरी नाहीत, फक्त हाकोदातेच्या एका उद्यानात पाळलेली आहेत. रानटी माकडं नागानोला, टोकियोच्या बाजूला. या बेटावर रानटी माकडंच नाहीत. होक्काइदो आणि जपानचं मुख्य बेट यांच्यामधल्या त्सुगारू सामुद्रधुनीच्या अलीकडचे आणि पलीकडचे प्राणी वेगळे. इथे तपकिरी अस्वल, कोल्हे, हरणं आणि कुशिरोच्या पाणथळीत लाल डोक्याचे क्रौंच. हिवाळ्यात ते क्रौंच बर्फावर नाचतात.

गरम पाण्याच्या कुंडात खरंच कपडे न घालता जायचं?

हो. ओन्सेनमध्ये बायका वेगळ्या, पुरुष वेगळे, आणि अंगावर काही नाही. लाज पहिली पाच मिनिटं. मग लक्षात येतं की कुणी बघतच नाहीये. आधी छोट्या स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ आंघोळ, मगच कुंडात. टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, तो डोक्यावर घडी करून ठेवतात. केस बांधा. फारच संकोच वाटत असेल तर तासाभरासाठी खासगी कुंड मिळतं, हॉटेलला ‘काशिकिरि’ विचारा. उघड्यावरच्या कुंडात बसून डोक्यावर बर्फ पडणं चुकवू नका. केसांची टोकं गोठतात आणि मान खाली गरमागरम.

गाडी भाड्याने घेऊन फिरावं का?

उन्हाळ्यात जरूर. वाहतूक आपल्यासारखी डावीकडून, रस्ते रिकामे. आंतरराष्ट्रीय परवाना भारतातूनच काढून न्या. हिवाळ्यात नको. रस्त्याच्या कडेला उंचावर खाली तोंड केलेले लाल-पांढरे बाण टांगलेले दिसतील. बर्फात रस्ता कुठे संपतो ते त्यांच्यावरून ओळखायचं असतं. ज्या रस्त्याची कड आकाशात दाखवावी लागते तिथे आपण चालवू नये, असं माझं मत आहे.

तिथले मूळ लोक कोण?

ऐनू. साप्पोरो, नोबोरिबेत्सु ही नावं त्यांच्याच भाषेतून आलेली. शेवटी ‘बेत्सु’ किंवा ‘नाइ’ ऐकलं की तिथे नदी-ओढा आहे समजा. ‘होक्काइदो’ हे नाव १८६९ मध्ये दिलं गेलं, आणि त्यानंतर जपानी वसाहतीने ऐनूंची जमीन, शिकार, भाषा सगळंच हिरावलं. कायद्याने त्यांना मूळनिवासी म्हणायला २०१९ साल उजाडलं. शिराओइला २०२० मध्ये उघडलेलं ‘उपोपोइ’ संग्रहालय नोबोरिबेत्सुच्या वाटेवरच आहे. अर्धा दिवस द्या, तळ्याकाठचं गाणं ऐका. ‘इरानकारप्ते’ म्हणजे नमस्कार.

आई-बाबांना नेऊ का? दोघं सत्तरीचे आहेत.

गुडघे कसे आहेत त्यावर. शक्यतो मे किंवा सप्टेंबरअखेर न्या. बर्फच बघायचा हट्ट असेल तर हॉटेल भुयारी रस्त्याला जोडलेलं घ्या, टॅक्सीला पैसे बाजूला ठेवा आणि प्रवासविमा नक्की काढा. आईला सांगा की साडीची किनार बर्फात भिजते आणि मग गोठून पुठ्ठ्यासारखी होते.

येताना काय आणायचं?

पांढऱ्या चॉकलेटचं ‘शिरोइ कोइबितो’ बिस्कीट १९७६ पासून आहे, आठवडाभर सहज टिकतं, ऑफिसात वाटायला तेच घ्या. अंडं चालत नसेल तर मागचा मजकूर वाचून घ्या. रॉयसचं ‘नामा’ चॉकलेट फार सुरेख, पण ते थंड ठेवावं लागतं. शिन-चितोसे विमानतळावर दुकानातले लोक बर्फाची पाकिटं घालून गार पिशवीत बांधून देतात आणि किती तास लागतील ते विचारतात. खरे तास सांगा. मी साताऱ्यापर्यंतचे सांगितले तेव्हा मुलीने बोटांवर मोजलं, डोकं हलवलं आणि पेटी परत मांडणीवर ठेवून बिस्किटांकडे हात केला.